दुबळ्यांची तालीम

एखाद्या समाजाने मनुष्यदेहाविषयी कोणती कल्पना मनाशी बाळगली होती, हे त्याच्या धर्मग्रंथांपेक्षा त्याच्या व्यायामशाळांवरून अधिक लवकर कळते. देह कशासाठी कमवावा, कोणी कमवावा, आणि ज्याला तो कमावता येणे शक्य नाही त्याचे काय करावे, या तीन प्रश्नांची उत्तरे आखाड्याच्या मातीत लिहिलेली असतात. पैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आमच्या महाराष्ट्राने मोठ्या अभिमानाने दिली. तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र पुष्कळ काळ कोणाचे लक्षच गेले नाही. ते जेव्हा गेले तेव्हा त्यात मराठी आणि कानडी या दोन्ही मुलखांतील माणसांचा हात होता. बंगळुरास येऊन राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींना तरी हा इतिहास ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

या प्रश्नाकडे आमचे लक्ष वेधले ते एका रोगामुळे. मल्टिपल स्क्लेरोसिस असे त्याचे नाव. आपल्या मज्जातंतूंवर विजेच्या तारेवरील वेष्टनासारखे एक आवरण असते. शरीराची जी संरक्षक शक्ती परक्या जंतूंवर तुटून पडावयाची, तीच या रोगात स्वकीयांवर उलटते आणि हे आवरण ठिकठिकाणी कुरतडून टाकते. मग कोणाची दृष्टी अंधुक होते, कोणाचा पाय ओढला जातो, कोणाचा तोल जातो. आणि बहुतेकांना असा थकवा येतो की तो झोपेनेही उतरत नाही. हा रोग बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे ऐन कर्तेपणाच्या वयात गाठतो, आणि पुरुषांच्या दुपटीहून अधिक स्त्रियांना गाठतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक गणनेप्रमाणे पृथ्वीवर असे सुमारे २८ लक्ष रुग्ण होते.

पॅरिसचा थोर वैद्य शार्को याने १८६८ साली या रोगाचे व्यवस्थित वर्णन केले. पुढे १८९० साली ऊट्होफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्याला असे आढळले की, या रुग्णांनी शारीरिक श्रम केले म्हणजे त्यांची दृष्टी काही काळ मंद होते. निरीक्षण अचूक होते. परंतु त्यावरून निघालेले अनुमान रुग्णांना फार महाग पडले. दृष्टी मंदावत होती ती श्रमांनी नव्हे, तर श्रमांमुळे वाढणाऱ्या देहाच्या उष्णतेने. ऊन पाण्याच्या टाकीत बसविले तरी तेच होते; किंबहुना एके काळी निदानासाठी वैद्य रुग्णाला अशा टाकीत बसवीतही असत. उष्णता उतरली की दृष्टी पूर्ववत् होते, कायमची हानी होत नाही. पण 'श्रम केले की रोग बळावतो' हे सूत्र एकदा रूढ झाले, आणि पिढ्यान् पिढ्या रुग्णांना 'स्वस्थ पडून राहा' असाच उपदेश मिळत राहिला. रोगाने अर्धे दुबळे केलेले स्नायू विश्रांतीने पुरते दुबळे झाले. १९९६ साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात पेटाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५४ रुग्ण घेऊन १५ आठवड्यांचा प्रयोग केला. नियमित व्यायाम करणाऱ्यांची शक्ती वाढली, मनाची उमेद वाढली आणि रोग काही बळावला नाही. तेव्हा कोठे शतकाचा भ्रम फिटू लागला. २०१३ साली कॅनडातील तज्ज्ञांनी तर सौम्य व मध्यम स्वरूपाची बाधा असलेल्यांसाठी नियमच घालून दिला : आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास दम वाढविणारा व्यायाम, आणि दोनदा स्नायूंचे बळ वाढविणारा.

येथवर सारे वैद्यकशास्त्र झाले. परंतु व्यायाम हे काही औषध नव्हे, की ते कागदावर लिहून दिले आणि रुग्णाने पाण्याबरोबर गिळले. व्यायाम रोज करावा लागतो, आणि जे रोज करावयाचे ते आपल्या घराच्या चालीरीतीत बसावे लागते. अमेरिकेतील संशोधकांना हे अलीकडे उमगले. तेथील स्पॅनिश भाषिक समाजात या रोगाचे रुग्ण पुष्कळ. पण व्यायामाच्या प्रयोगांत त्यांचा सहभाग अगदी अल्प. मग विचार सुरू झाला की, त्यांना त्यांच्या भाषेत सांगावे, एकट्या रुग्णाला न बोलावता कुटुंबासह बोलवावे, आणि यंत्रावर चालावयास लावण्याऐवजी त्यांच्या रक्तात भिनलेल्या साल्सा नृत्याचा आधार घ्यावा. हे वाचताना आमच्या मनात साहजिकच विचार आला, की असा प्रश्न आमच्याकडे कोणी कधी विचारला होता काय?

तसे पाहिले तर व्यायामाच्या बाबतीत महाराष्ट्र दरिद्री मुळीच नव्हता. समर्थांच्या संप्रदायाने गावोगाव मारुती बसविला आणि मारुतीच्या शेजारी तालीम उभी राहिली. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे वैभव दिले. जोर, बैठका, जोडी, करेला, लेजीम ही सारी आमची घरची मालमत्ता. कर्नाटकातही तोच थाट. शहाजीराजांच्या जहागिरीत १६३८ च्या सुमारास आलेल्या या बंगळुराच्या जुन्या पेठेत मराठी तालमीची सख्खी बहीण शोभावी अशी 'गरडी मने' होती. तांबड्या मातीचा हौदा, भिंतीशी उभ्या केलेल्या जोड्या, आणि कोनाड्यात हनुमंत. परंतु दोन्ही ठिकाणी पाहुणचार होता तो बलवंताचा. आखाड्यात उतरावयाचे ते दुसऱ्याला चीत करण्यासाठी. ज्याचा स्वतःचाच पाय स्वतःच्या आज्ञेत नाही, त्याला या मातीत जागा नव्हती. आणि स्त्रियांना तर उंबरठ्याच्या आतही प्रवेश नव्हता.

या चौकटीला पहिला तडा दिला तो औंधच्या राजेसाहेबांनी. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे चित्रकार, कीर्तनकार आणि आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देणारे संस्थानिक म्हणून प्रसिद्ध आहेत. तरुणपणी त्यांच्यावर सँडो या युरोपीय मल्लाची मोहिनी होती. त्याची उपकरणे मागवून त्यांनी कित्येक वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या प्रेरणेने ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि अखेरपर्यंत त्याचेच प्रचारक राहिले. या वळणात आमच्या मते मोठे मर्म आहे. सँडोच्या व्यायामाला उपकरणे लागत, द्रव्य लागे आणि परक्याचे अनुकरण लागे. नमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरे. शिवाय तो नवा शिकवावा लागत नसे. घरातील म्हातारी माणसे उपासना म्हणून तो घालीतच होती. राजेसाहेबांनी त्याला व्यायामाचे शिस्तबद्ध रूप दिले, औंधच्या शाळांतून तो सुरू केला, आणि राजघराण्यातील स्त्रियांनाही तो करावयास लावून आपल्या ग्रंथात स्त्रियांच्या आरोग्याची आवर्जून चर्चा केली. व्यायाम आखाड्यातून माजघरात आला तो येथे. लोकांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट घेऊन तिला आरोग्याच्या कामी लावणे, ही आज नवी म्हणून गाजणारी युक्ती औंधने केव्हाच करून दाखविली होती. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. आफ्रिकेपासून लंडनपर्यंत नोकरीनिमित्त जेथे जेथे गेले तेथे तेथे त्यांनी नमस्कार बरोबर नेला आणि त्यावर पुस्तकही लिहिले. बदलीच्या गावी सामानात काय न्यावे, याचा हा वस्तुपाठच होय.

औंधचा हा वारा बंगळुरापर्यंत पोहोचला. कोलार वेंकटेश अय्यर, म्हणजेच के. व्ही. अय्यर, यांचे नाव आज येथील तरुणांना कदाचित ठाऊक नसेल; पण कानडी साहित्याचे रसिक त्यांना 'शांतला' या ऐतिहासिक कादंबरीचे कर्ते म्हणून ओळखतात. हा कादंबरीकार आपल्या काळातील भारताचा एक नामांकित शरीरसौष्ठवपटू होता. १९२२ साली त्यांनी बंगळुरात व्यायामशाळा काढली, टपालाने व्यायाम शिकविण्याची प्रथा चालविली, आणि १९३७ साली सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. वजनाचे गोळे, आसने आणि नमस्कार या तिहींचा त्यांनी मेळ घातला. त्यांचा विशेष असा की, त्यांना केवळ पीळदार दंडांचे कौतुक नव्हते. व्याधिग्रस्त माणसांवरही ते व्यायाम आणि मर्दन यांनी उपचार करीत. म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांना अर्धांगाचा विकार झाला असता अय्यरांनी त्यांना व्यायामोपचार दिले, आणि पुढे महाराजांच्या साहाय्याने १९४० साली त्यांच्या व्यायामशाळेची नवी वास्तू उभी राहिली, असे इतिहासकार नमूद करतात. मज्जासंस्थेच्या आघाताने खचलेल्या देहाला व्यायामाने सावरण्याचा बंगळुरातील हा प्रसिद्ध दाखला, आणि तो एका राजाच्या देहावरचा.

तिकडे मुंबई इलाख्यातही याच काळात चक्रे फिरत होती. १९१८ च्या डिसेंबरात मणिभाई देसाई ऊर्फ श्रीयोगेंद्र यांनी वर्सोव्याला योगसंस्था काढली, ती दादाभाई नौरोजींच्या कुटुंबाच्या वास्तूत, एका पारशी सद्गृहस्थाच्या आश्रयाने. १९२४ साली जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. हे बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यातून तयार झालेले. आसनांचा महिमा गाऊन त्यांचे समाधान होईना. उड्डियान करताना पोटातील दाब किती उतरतो, हे ते क्ष-किरण आणि पाऱ्याची नळी लावून मोजू लागले, आणि 'योगमीमांसा' या त्रैमासिकातून आपली मापे प्रसिद्ध करू लागले. आपल्या घरच्या विद्येला प्रयोगशाळेत उभे करावयास श्रद्धा आणि निर्भयता दोन्ही लागतात. कुवलयानंदांपाशी त्या दोन्ही होत्या.

आता या कथेतील आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याचा भाग. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात कृष्णम्माचार्य १९३३ पासून योगशाळा चालवीत. त्यांच्याकडे कोलार जिल्ह्यातील बेल्लूरचा एक अशक्त मुलगा, त्यांचाच मेहुणा, राहावयास आला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत जन्मलेला, मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी पोखरलेला. हेच पुढे जगद्विख्यात झालेले बी. के. एस. अय्यंगार. १९३६ साली कृष्णम्माचार्य शिष्यांसह उत्तर कर्नाटकाच्या दौऱ्यावर गेले. त्या वेळी बेळगावास सिव्हिल सर्जन होते डॉ. व्ही. बी. गोखले. सरकारी नोकरीतला हा मराठी वैद्य त्या मुलाची आसने पाहून प्रभावित झाला. आणि पुण्यास आल्यावर त्यांनी खटपट करून १९३७ साली डेक्कन जिमखान्यातर्फे त्याला सहा महिन्यांसाठी पुण्यास आणविले. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. मराठी येत नाही, इंग्रजी बेताचे, आणि शिष्य वयाने व अंगाने त्याच्याहून थोर. सहा महिन्यांसाठी आलेला तो माणूस २०१४ साली पुण्यातच निवर्तला. बदलीच्या गावी डोळे उघडे ठेवणारा एक अधिकारी काय घडवून आणू शकतो, याचे याहून उत्तम उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

अय्यंगारांनी पुण्यात जे केले ते आमच्या दृष्टीने आखाड्याच्या इतिहासातील खरे स्थित्यंतर होय. आसन म्हणजे लवचिक देहाने करावयाची कसरत, ही समजूत त्यांनी मोडली. ज्याचा हात जमिनीला पोहोचत नाही त्याच्यासाठी त्यांनी जमीनच वर आणली. लाकडी ठोकळा दिला. ज्याला तोल धरवत नाही त्याला भिंत दिली, ज्याला उभे राहवत नाही त्याला खुर्ची दिली, ज्याचे सांधे सैल त्याला पट्टा, आणि ज्याला काहीच झेपत नाही त्याला लोड देऊन निजविले व त्यालाही आसन म्हटले. ठोकळा, दोरी, खुर्ची, लोड ही काही परदेशी यंत्रे नव्हेत. कोणत्याही मध्यमवर्गीय घरात ती सापडतात. जोपर्यंत देह आसनासाठी होता तोपर्यंत दुबळा माणूस दाराबाहेर होता. आसन देहासाठी झाले तेव्हा तो आत आला. १९७५ साली पुण्यास उभ्या राहिलेल्या त्यांच्या संस्थेत रुग्णांसाठी स्वतंत्र वर्ग चालत आले. ज्याला स्वतःलाच मल्टिपल स्क्लेरोसिस होता असा एरिक स्मॉल नावाचा अमेरिकन त्यांचा शिष्य झाला, आयुष्यभर आपल्यासारख्यांना शिकवीत राहिला, आणि २००७ साली त्याने एका वैद्याच्या सहकार्याने या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

आता कुवलयानंदांचा धडा गिरवून मापाकडेही पाहिले पाहिजे. २००४ साली अमेरिकेतील ऑरेगॉन येथे ओकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाचे ६९ रुग्ण घेतले. काहींना अय्यंगार पद्धतीची आसने शिकविली, काहींना स्थिर सायकलीचा व्यायाम दिला, आणि उरलेल्यांना नुसते थांबविले. सहा महिन्यांनी पाहता पहिल्या दोन्ही गटांचा थकवा थांबलेल्यांच्या मानाने उतरला होता. स्मरण, अवधान यांसारख्या बुद्धीच्या व्यापारांत मात्र कोणत्याच गटात फरक नव्हता. याचा अर्थ सरळ आहे. योगाने हा रोग बरा होतो, असे म्हणणारा रुग्णाची फसवणूक करतो; आणि योग म्हणजे निव्वळ थोतांड, असे म्हणणारा रुग्णाच्या हातातील काठी काढून घेतो. आसन सायकलीहून श्रेष्ठ ठरले नाही, पण कनिष्ठही ठरले नाही. मग निवड कशावरून करावी? रुग्ण कोणता व्यायाम वर्षानुवर्षे आपणहून करील, यावरून. आणि येथेच संस्कृतीचा प्रश्न शास्त्राचा प्रश्न बनतो.

संस्कृती म्हणजे मात्र बहुसंख्यांची संस्कृती असे कोणी समजू नये. भारतात हा रोग फारसा नाहीच, अशी वैद्यांची दीर्घकाळ समजूत होती. पण मुंबईत डॉ. नोशीर वाडिया आदी मज्जाविकारतज्ज्ञांनी पारशी समाजाची पाहणी केली, तेव्हा तेथे लाखात वीसहून अधिक असे रुग्णांचे प्रमाण निघाले. २०१४ साली मंगळूर शहरातील पाहणीत ते लाखात सुमारे आठ दिसले. पूर्वीचे लाखात एक ते तीन हे अंदाज तोकडे होते, याचे कारण पुष्कळ अंशी असे की चुंबकीय चित्रण करणारी यंत्रे आणि रोग ओळखणारे वैद्य पूर्वी थोडे होते. आता एखाद्या पारशी बाईला बीजमंत्रांसह सूर्यनमस्कार सांगणे म्हणजे तिला साल्सा नाचावयास सांगण्यासारखेच. ज्या समाजाने १८८५ साली स्वतःची जिमखाना काढली आणि पुढच्याच वर्षी विलायतेस क्रिकेटचा संघ नेला, त्याच्या परंपरेत तिला पेलेल असे दुसरे काही निश्चित सापडेल. रुग्णाला काय रुचेल हे त्यालाच विचारले पाहिजे. त्याच्या आडनावावरून ते ठरवू नये.

बंगळुराला या बाबतीत एक विशेष स्थान आहे. १८४७ साली निघालेले येथील मनोरुग्णालय आणि १९५४ सालची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था या दोहोंचे १९७४ च्या डिसेंबरात एकीकरण होऊन निम्हान्स ही संस्था झाली. मेंदू व मज्जातंतूंच्या रुग्णांचे पुनर्वसन आणि योगाचा वैद्यकीय अभ्यास या दोन्ही गोष्टी तेथे एकाच आवारात रुजल्या. शहराबाहेर जिगणीजवळ विवेकानंद योग अनुसंधान संस्थानानेही योगोपचाराच्या मोजमापाचे काम हाती घेतले. आणि १९८५ साली मुंबईत स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची शाखाही या शहरात आहे.

एवढे सगळे असूनही, परप्रांतात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांची अडचण वेगळीच असते. घरात एखाद्या तरुण सुनेला हा रोग झाला, की गावाकडून फोनवर एकच सल्ला येतो : तिला उठू देऊ नका. त्यात माया असते, पण ती ऊट्होफच्या काळातील माया असते. शेजार परका, व्यायामवर्गाची भाषा परकी, बरोबर जावयास नणंद-जाऊ नाही. तेव्हा ती घरात बसते आणि बसूनच राहते. अशा घराने वैद्याचा व भौतिकोपचार करणाराचा सल्ला घेऊन आपल्याच घरातील तालीम उभी करावी. बंगळूरची थंड सकाळ ही या रुग्णांना दैवाने दिलेली देणगी आहे. उन्हे चढण्यापूर्वी, पंख्याखाली, जवळ गार पाण्याचा तांब्या ठेवून आरंभ करावा. नमस्कारांची संख्या वाढवीत नेणे हे औंधचे भूषण होते. येथे मात्र ते निषिद्ध समजावे. एकच नमस्कार खुर्चीच्या आधाराने, प्रत्येक टप्प्यावर थांबत घातला तरी तो पुरा मानावा. अंग तापले, दृष्टी अंधुकली, तर भिऊन न जाता थांबावे आणि अंग थंड होऊ द्यावे. आणि घरातील इतर माणसांनी उभे राहून पाहत न बसता बरोबर सतरंजी अंथरावी; कारण रोगी म्हणून एकट्याने करावयाचे काम औषधासारखे कडू होते, तेच चौघांनी मिळून केले म्हणजे घराची रीत होते.

तालमीच्या दाराशी उभा असलेला मारुती बलाचा देव खरा. परंतु त्यालाही एके काळी आपल्या बलाचा विसर पडला होता, आणि ते त्याला सांगावयास जांबवंतासारखा वृद्ध सोबती लागला, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. डॉ. गोखल्यांनी बेळगावात एका दुबळ्या कानडी मुलाच्या बाबतीत हेच केले, आणि त्या मुलाने पुण्यात हजारो दुबळ्यांच्या बाबतीत तेच केले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी किंवा शेजारी असा कोणी असेल, त्यांनी हे काम बदलीची मुदत संपण्यापूर्वी अवश्य हाती घ्यावे.